पाचवी फेरी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

ज्या घरात हे घडलं ते माझ्या सख्ख्या मावशीचं घर. अजून तिथेच आहे. गल्लीच्या टोकाला. बाहेर लोखंडी फाटक, आत हॉल, हॉलच्या मागे मावशीची शिवणाची खोली.

आणि हे रात्रीबित्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. उन्हाळा संपत आला होता. जेवणं उरकून गल्ली पेंगत असते ना, ती वेळ.

मावशीला एकच मुलगा. माझा मावसभाऊ. घरात त्याला सगळे पैलवान म्हणायचे, कारण लहानपणी तो अगदी काडी होता. वारा सुटला की फाटकाला धरून उभा राहायचा. नाव काकांनी ठेवलं, थट्टेत. तेच चिकटलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. बसडेपोत मेकॅनिक होते. इंजिनांच्या घरघरीनं त्यांचे कान अर्धे गेलेले. पैलवान सैन्यात भरती झाला तेव्हा ते म्हणाले होते, "चला, आता तरी हाडांवर मांस चढेल."

चढलं. रजेवर आला की आईला उचलून शिवणाच्या टेबलावर बसवायचा. ती ओरडायची, तो हसायचा.

मग युद्ध लागलं.

डोंगराच्या उतारावर त्याची तुकडी अडकली. वरून गोळीबार चाललेला. चार जण जखमी होऊन उघड्यावर पडले होते. पैलवान एकटा गेला. एकेकाला पाठीवर घेतलं आणि खाली, खडकाच्या आडोशाला दवाखान्याचा तंबू होता, तिथे आणून ठेवलं. चार फेऱ्या केल्या. चौघंही जगले.

पाचव्या फेरीला गेला, तो परत आला नाही.

सैन्यातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक त्याला मिळालं. हे पदक फार थोड्यांना मिळतं. आणि ज्यांना मिळतं, त्यातल्या बहुतेकांना ते हातात घेता येत नाही. समारंभाला मावशी गेली होती. पुढच्या रांगेत सगळ्या बायकाच बसलेल्या. कुणाची आई, कुणाची बायको. एकच माणूस स्वतःचं पदक घ्यायला स्वतःच्या पायांनी आला होता, आणि तो पूर्ण वेळ मान खाली घालून बसला होता. त्या बायकांच्या तोंडाकडे बघायची त्याला चोरी झाली होती.

"गार होतं गं ते," मावशी मला नंतर म्हणाली. "आणि हलकं. एवढा मोठा पोरगा दिला, आणि हातात आलं एवढंसं."

काकांनी हॉलमध्ये काचेचं छोटं कपाट करून घेतलं. त्यात पदक ठेवलं. लोक बघायला यायचे, उभ्याउभ्याच गप्प व्हायचे, चहा न घेता जायचे.

आठवडाभरात लोक यायचे थांबले.

आणि मग ते सुरू झालं.

मावशी शाळेचे गणवेश शिवायची. त्या दुपारी बाह्या लावून झाल्या आणि तिनं मशीन थांबवलं. मशीन थांबलं की एरवी बाहेरचे आवाज आत यायचे. कावळे, कुणाचा तरी रेडिओ, समोरच्या घरातली भांडी.

त्या दिवशी काहीच आलं नाही.

कावळा नाही. रेडिओ नाही. गल्लीतला कुत्रा झोपेतही गुरगुरायचा, तोही नाही. जणू कुणीतरी सगळ्या गल्लीच्या तोंडावर हात ठेवलाय...

आणि फाटक वाजलं.

काका डेपोतल्या जुन्या मित्रांकडे गेले होते. लवकर आले वाटतं, असं तिला वाटलं. पण पावलं काकांची नव्हती. जड होती. एक पाऊल, मग थांबणं. पुन्हा एक पाऊल. पाठीवर भरलेलं पोतं घेऊन माणूस जिना चढतो ना, तशी.

पावलं हॉलमध्ये आली.

मग श्वास ऐकू आला. तोंडानं घेतलेला, फाटलेला श्वास...

आणि सोफ्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. आपटल्याचा नव्हे. हळूच ठेवल्याचा. झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तसा.

मग पावलं परत गेली. आता ती हलकी होती, भरभर. फाटक वाजलं. आणि कावळा ओरडला.

मावशी हॉलमध्ये गेली. कुणी नव्हतं. सोफ्यावरची चादर मात्र मधोमध दबली होती. तिनं हात लावला.

चादर कोमट होती.

संध्याकाळी तिनं काकांना सांगितलं. काका म्हणाले, "दिवसभर त्या मशीनवर वाकलेली असतेस. तुझ्या कानात ते मशीनच फिरत असेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज फाटक, जड पावलं, श्वास, सोफा, हलकी पावलं. रोज एकदा. मावशी दाराआडून कान देऊन ऐकायला लागली. आणि एके दिवशी तिला कळलं.

डावा पाय घासत होता.

पैलवान शाळेत असताना सायकलवरून पडला होता. तेव्हापासून दमला की त्याचा डावा पाय जमिनीला घासायचा. काका म्हणायचे, डावा बूट वेगळा विकत मिळाला असता तर बरं झालं असतं.

मावशी घाबरली नाही. हे मला आजही कळत नाही, पण ती म्हणते की ती घाबरली नाही. तिला वाटलं, पोरगा घरी आला. दिसत नाही तर न दिसो. येतोय ना.

पुढच्या दुपारी ती शिवणाच्या खोलीत बसलीच नाही. हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसली. गल्ली गप्प झाली. फाटक वाजलं. पावलं तिच्या समोरून गेली, इतकी जवळून की पायाखालची फरशी तिला थरथरल्यासारखी वाटली. सोफा दबला...

आणि पावलं परत निघाली तेव्हा तिनं हाक मारली. "पैलवान. बस रे जरा. किती दमलायस."

पावलं थांबली.

ती म्हणते, तो वळला असणार. कारण तो श्वास तिच्या तोंडावर आला. गरम, मातीचा वास असलेला.

मग तो पळाला. फाटकातून बाहेर. आणि थोड्याच वेळात पुन्हा आला, पुन्हा तसाच ओझं घेऊन. त्या दुपारी तो परत परत येत राहिला. मावशी हाक मारायची, तो धावत जायचा आणि आणखी एकाला आणायचा. तिची हाक त्याला थांबवत नव्हती. हाकलत होती.

दिवस कलताना ती खुर्चीतच रडत बसलेली काकांना सापडली.

काकांचा तरीही विश्वास बसला नाही. ते चिडले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन स्वतः सोफ्याच्या टोकाला बसले. "बघू कोण येतंय ते. माझ्याशी गाठ आहे."

त्यांना कमी ऐकू यायचं, हे खरं. फाटक वाजलेलं त्यांना कळलं नाही. पावलं कळली नाहीत. ते वर्तमानपत्रच वाचत राहिले.

आणि त्यांच्या शेजारची गादी दबायला लागली...

हळूहळू. आधी एका बाजूनं, मग सगळी. मग काहीतरी कलंडलं आणि त्यांच्या मांडीला टेकलं. माणसाचं डोकं असतं तेवढं वजन. ते वजन थरथरत होतं.

काकांना हलता येईना. वर्तमानपत्र हातातच राहिलं. मावशी दारातून बघत होती. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी ते वजन थरथरायचं थांबलं.

मग गादी वर आली.

त्या दिवसापासून काका त्या सोफ्यावर कधी बसले नाहीत.

थोड्या दिवसांनी घरी पाहुणा आला. पैलवाननं आणलेल्या चौघांपैकी तिसरा. सैन्यात ट्रक चालवायचा, म्हणून घरात आम्ही त्याला ड्रायव्हरच म्हणतो. एक पाय गुडघ्याखाली नाही. काठी टेकत आला, मावशीला आई म्हणाला आणि खुर्चीत बसला. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मावशीला घड्याळ दिसत होतं, पण त्याला जा कसं म्हणणार?

गल्ली गप्प झाली.

फाटक वाजलं तसा ड्रायव्हरनं कप खाली ठेवला. पावलं आली. श्वास आला. पावलं परत गेल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "आई, हा श्वास मी ओळखतो. माझ्या कानाशी होता हा. त्यानं मला उचललं तेव्हा, अख्ख्या उतारावर."

"तोच आहे ना रे?" मावशीनं विचारलं.

"तोच आहे. पण आई, तो आणतोय कुणाला?"

मावशीला प्रश्न कळला नाही.

"आम्ही चौघं होतो," ड्रायव्हर म्हणाला. "चौघं जिवंत आहोत. मी इथे बसलोय. मग तो रोज कुणाला आणतोय?"



पलीकडच्या खुर्चीतून काकांनी विचारलं, "आणि तो पाचवा कोण होता? ज्याला आणायला हा गेला?"

ड्रायव्हर खाली बघत राहिला. "पाचवा कुणी नव्हताच, काका. लेखी काय आहे मला माहीत नाही. पण वर कुणीच राहिलं नव्हतं. आम्ही सगळे त्याला सांगत होतो, संपलं, सगळे आले, बस आता. तो म्हणाला, नाही, कुणीतरी हाक मारतंय. आम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. तो म्हणाला, घरच्या नावानं हाक मारतंय, जायला पाहिजे. आणि गेला."

मावशीनं विचारलं, "कधीची वेळ होती?"

"दुपार होती. अशीच."

ती उठून आत गेली. मशीनसमोर बसली. मशीन मात्र चालवलं नाही.

हे तिनं फक्त मला सांगितलंय. त्या दुपारी, ज्या दुपारी तो गेला, ती मशीनवरच डुलकी लागून पडली होती. आणि स्वतःच्याच आवाजानं जागी झाली होती. झोपेत तिनं त्याला हाक मारली होती. स्वप्न काय पडलं ते आठवत नाही. हाक तेवढी आठवते.

"योगायोग असेल गं," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. कधीच नाही. फोटोसमोरसुद्धा नाही. रोज दुपारी तो यायचा, आणि ती तोंडावर पदर दाबून बसायची. पोटचा पोरगा हातभर अंतरावरून जातोय, आणि त्याला हाक मारायची सोय नाही.

शेवटी काकांनीच विषय काढला. सैन्याच्या संग्रहालयातून आधीच विचारणा झाली होती. पदक तिथे द्यावं, कायमचं, लोकांना बघायला मिळेल.

मावशी म्हणाली, "तो घरी येतोय, आणि तुम्ही दार लावायला निघालात."

"तो घरी येत नाहीये गं," काका म्हणाले. "त्याला हे घर दिसतच नाहीये. तो या हॉलला तो तंबू समजतोय. पदक घरात आलं आणि हे सुरू झालं. ते इथे आहे तोवर त्याची फेरी संपायची नाही. सुटू दे त्याला."

दोन दिवसांनी मावशीनंच कपाट उघडलं, पदक पुसलं आणि डबीत ठेवलं.

संग्रहालयात छोटा समारंभ झाला. एक मोठा हॉल, उंच छत. भिंतींच्या कडेनं काचेची कपाटं, प्रत्येकात एक पदक आणि एक फोटो. मधली जागा सगळी मोकळी. फोटोखाली नाव आणि दोन तारखा. क्वचित कुठे एकच तारीख. पैलवानचं पदक कोपऱ्यात, खिडकीजवळ ठेवलं. मावशीला जागा बरी वाटली. उजेड होता.

आणि घर शांत झालं.

दुपारी कावळे ओरडायचे, रेडिओ वाजायचा, कुत्रा गुरगुरायचा. फाटक वाजलं तर कुणीतरी खरोखर आलेलं असायचं. काकांनी पंखा दुरुस्त केला. मावशीला झोप लागायला लागली. आम्हाला सगळ्यांना वाटलं, सुटला बिचारा.

पावसाळा गेला. मग एक दिवस फोन आला. संग्रहालयाच्या मॅडम होत्या. आधी तब्येतीची चौकशी केली, मग हवापाण्याचं बोलल्या. नुसतंच घोळवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. विचारू की नको, कळत नाही. तुमच्या मुलाला चालताना... डावा पाय घासायची सवय होती का?"



मावशी त्याच दिवशी तिथे गेली. काकांनाही नेलं. पदक परत मागितलं. मॅडम चांगल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नियम नियम असतो. "दिलेली वस्तू परत देता येत नाही हो. आता ती तुमची नाही, देशाची आहे."

"आणि तो?" मावशीनं विचारलं. "तोही देशाचाच का?"

काकांनी वरच्या अधिकाऱ्यांकडे खेटे घातले. सगळ्यांनी त्यांना आदरानं बसवलं, आदरानं ऐकलं आणि आदरानं बाहेर पोचवलं. भुतासाठी पदक परत द्या असं कुठल्या तोंडानं म्हणणार? ते नुसतं म्हणायचे, हिची तब्येत बरी नसते. आतून ते खचत गेले. मी त्यांच्या हातांची करामत पाहिलीय, बंद पडलेलं इंजिन नुसतं चाचपून चालू करायचे. पण यात हात घालायला त्यांना काही सापडत नव्हतं.

मावशीनं शिवण सोडलं. रोज दुपारी बसनं संग्रहालयात जाते. तिथल्या पहारेकऱ्यानं तिला स्टूल दिलंय. म्हातारा आहे. तो स्वतः त्या वेळी हॉलच्या बाहेर उभा राहतो.

"निदान परक्या माणसांत एकटा नको," ती म्हणते. "हाक मारता येत नाही, पण बसता तर येतं."

परवा मी तिच्याबरोबर गेले.

खरं सांगते, माझा अर्धा विश्वास होता, अर्धा नव्हता. ऊन खिडकीतून आत आलं होतं. आमच्याशिवाय एक जोडपं होतं आणि एक म्हातारे गृहस्थ, हळूहळू फोटो बघत जाणारे. मी मावशीच्या स्टुलाशेजारी उभी होते.

बाहेरच्या रस्त्यावरचे आवाज गेले. एकदम नाही. एकेक करून...

मला पावलं ऐकू आली नाहीत. श्वासही नाही. मला वाटलं, बरं झालं, आपल्याला नाही ऐकू येत. मी मावशीकडे पाहिलं. तिची नजर दारापासून हॉलच्या मध्यापर्यंत कशाची तरी सोबत करत होती. मग ती नजर खाली गेली आणि तिथेच थांबली.

"जागा कमी पडत चाललीय बघ," ती हळूच म्हणाली. "आता तो खिडकीपर्यंत ठेवत आलाय त्यांना."

मी पुन्हा हॉलकडे पाहिलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ते जोडपं एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे जायला निघालं होतं. हॉल मोकळा होता. सरळ चार पावलांत गेले असते. पण ते भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरून, पूर्ण वळसा घालून गेले. म्हातारे गृहस्थही तसेच. नंतर आणखी तिघं आले, तेही तसेच. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते कळत नसावं. मधल्या जागेत एकानंही पाऊल टाकलं नाही.

निघताना मीही भिंतीकडून आले. मावशीचा हात धरून, खाली न बघता.

दाराशी पोचलो तेव्हा माझ्या घोट्याजवळून कुणीतरी पाणी मागितलं.

अगदी हळू. एकदाच. पुरुषाचा आवाज होता, तरुण. पैलवानचा नव्हता.

माझ्या पिशवीत बाटली होती. भरलेली होती. मी ती बाहेर काढलीसुद्धा. पण खाली फरशी होती, फरशीवर ऊन होतं, आणि द्यायचं कुणाला, कुठे, हे मला कळलं नाही.

मी तशीच उभी राहिले. मग मावशीनं माझा हात ओढला.

"चल," ती म्हणाली. "माझ्याकडेही मागतात."